काम करणारी मुलं आणि बालमजूर: शेतावर हे दोन आकडे कुठे वेगळे होतात

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१६ च्या अंदाजानुसार जगात ५ ते १७ वयाची २१.८ कोटी मुलं काम करत होती. त्यांतली १५.२ कोटी बालमजूर, आणि त्यांतलीही ७.३ कोटी धोक्याच्या कामात. २०२४ च्या अंदाजात बालमजूर १३.८ कोटी आहेत. कुणी २१.८ आणि १३.८ शेजारी मांडले, तर आठ वर्षांत आठ कोटी मुलं सुटली असं वाटेल. खरी घट १.४ कोटींची आहे. ही गल्लत अगदी सहज होते, आणि ती महागात पडते.

‘काम करणाऱ्या मुलां’च्या आकड्यात मूल पटकन येतं. आठवड्यात तासभर उत्पादक काम केलं की पुरे, मोबदला मिळो न मिळो. बालमजुरीची रेषा मात्र वयाप्रमाणे सरकते. ५ ते ११ वयात एक तासही बालमजुरीच. १२ ते १४ वयात १४ तास किंवा जास्त. त्याच्या आतलं निर्धोक काम हलकं धरतात. १५ ते १७ वयात ४३ तासांपासून पुढे. काम धोक्याचं असेल तर तास मोजायचेच नाहीत. २०१६ च्या २१.८ कोटींतली राहिलेली ६.६ कोटी मुलं या रेषेच्या अलीकडची, म्हणजे काम करणारी पण बालमजूर नसलेली.

‘घरच्याच शेतात राबतोय, मग मजुरी कसली?’ असं अनेकांना वाटतं. पण शेत कुणाचं, हा प्रश्न या व्याख्येत नाहीच. २०२४ च्या अंदाजात ६१ टक्के बालमजूर शेतीतले आहेत, आणि शेतीतली बहुतेक मुलं आपल्याच कुटुंबासाठी राबतात.

खरी अडचण तासांची. तेरा वर्षांची मुलगी सकाळी गुरं सोडते, शाळा सुटल्यावर खुरपं घेऊन रोपांत बसते, सुट्टीच्या दिवशी पाखरं हाकते. शेतावर हजेरीपट नसतो. पाहणीत साधारणपणे मागच्या सात दिवसांचं विचारतात. तो आठवडा कापणीचा निघाला तर ती बालमजूर ठरते. पीक नुसतं उभं असेल तर ‘काम करणारी’. मुलगी तीच, वर्षही तेच. म्हणून एकाच हंगामात केलेल्या पाहणीवरून अख्ख्या वर्षाचं बोलणं मला पटत नाही.

प्रश्न कसा विचारला, यानेही उत्तर बदलतं. टांझानियात संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कुटुंबं वाटून काहींना कामाबद्दल थोडक्यात विचारलं, काहींना तपशिलात. कामात असलेल्या मुलांच्या प्रमाणात दोन्हींकडे ठळक फरक पडला. उत्तर मुलाने दिलं की घरातल्या मोठ्याने, याने मात्र तिथे फारसा फरक पडला नाही. ‘काम करतो का?’ एवढंच विचारलं तर गुरं राखणं हे काम आहे, हे घरच्यांच्या मनातही येत नाही. कामं एकेक करून विचारावी लागतात.

धोक्याच्या कामाबाबत तर हे फारच महत्त्वाचं. घाना आणि आयव्हरी कोस्टच्या कोको पिकवणाऱ्या भागांत २०१८-१९ च्या हंगामात सुमारे १५.६ लाख मुलं कोकोच्या शेतीत बालमजूर असल्याचा अंदाज निघाला. त्यांतली जवळपास १४.८ लाख धोक्याच्या कामात होती: कोयत्याने फळं फोडणं, जड ओझी वाहणं, फवारणीजवळ असणं. तिथे नुसते तास विचारून परतणाऱ्याला यातलं फारच थोडं कळलं असतं.

घरकामाचं गणित आणखी वेगळं. घरासाठी पाणी आणि सरपण आणणं आर्थिक हिशेबाच्या नियमांत उत्पादनात मोडतं. स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांना सांभाळणं मोडत नाही. आई-वडील शेतावर असताना दिवसभर घर सांभाळणारी मुलगी त्यामुळे दोन्ही आकड्यांतून सुटू शकते. युनिसेफच्या मोजणीत ५ ते १४ वयात आठवड्याला २१ तास किंवा जास्त घरकाम असेल तर तेही बालमजुरीत धरतात. त्यामुळे एकाच देशाचे, एकाच पाहणीतून काढलेले बालमजुरीचे दोन आकडे दिसू शकतात, आणि ज्यात घरकाम धरलंय त्यात मुलींचा वाटा वाढतो.