नॅनोकूलोंबचा हिशेब: किरणोपचाराची मात्रा मोजणाऱ्या यंत्रांची पार्श्वभूमी

घशाच्या कर्करोगावर किरणोपचार द्यायचे तर रोज २ ग्रे, अशा ३५ बैठकांत ७० ग्रे, हा हिशेब जगभर रूढ आहे. १ ग्रे म्हणजे दर किलो ऊतीत शोषली गेलेली १ ज्यूल ऊर्जा. ती इतकी थोडी असते की २ ग्रेने पाण्याचे तापमान जेमतेम अर्ध्या सहस्रांश अंशाने वाढते. तेवढ्यानेच पेशींतला डीएनए तुटतो. मात्रा थोडी कमी पडली तर गाठ परत उद्भवू शकते, थोडी जास्त झाली तर शेजारचा मज्जारज्जू धोक्यात येतो. म्हणूनच किरणांची एकके आणि मापने ठरवणाऱ्या आयसीआरयू या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ मध्ये ५ टक्क्यांच्या आतल्या अचूकतेचा आग्रह धरला. ही अचूकता ज्या यंत्रांवर उभी आहे, त्यांची नावे रुग्णाच्या कानावर कधीच पडत नाहीत.

राँटगेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि लगेच ते उपचारासाठी वापरले जाऊ लागले, पण मोजायचे कशाने? कातडी लाल होईपर्यंत किरण द्यायचे, हेच पहिले माप. नळीतून निघणारे किरण किती भेदक आहेत हे पाहायला डॉक्टर स्वतःचा हात तिच्यापुढे धरत आणि त्यापायी अनेकांची बोटे गेली. व्हिएन्नाच्या होल्झक्नेख्त यांनी १९०२ मध्ये रंग बदलणाऱ्या रसायनाचे माप आणले, १९०४ मध्ये पॅरिसमध्ये सबुरो आणि नॉयरे यांच्या टिकल्या आल्या. रंग डोळ्यांनी ताडून पाहायचा असल्याने एकाचे माप दुसऱ्याशी जुळत नसे.

खरी वाट हवेतून निघाली. किरण हवेतून गेले की हवेचे रेणू आयनीभूत होतात, म्हणजेच विद्युतभार सुटा होतो. तो गोळा करून मोजावा, असे फ्रान्सच्या व्हिलार यांनी १९०८ मध्ये सुचवले. स्टॉकहोमच्या परिषदेने याच तत्त्वावरचे ‘राँटगेन’ हे एकक स्वीकारायला मात्र १९२८ साल उजाडले. दरम्यान अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये फ्रिके आणि ग्लासर यांनी अंगुस्तानाएवढा छोटा चेंबर, म्हणजे हा भार गोळा करणारी हवेची बंदिस्त पोकळी, बनवला. त्याची भिंत अशा पदार्थाची, की किरणांच्या दृष्टीने ती हवेसारखीच वागावी. त्याच शहरातल्या व्हिक्टोरीन यांनी त्यावरून विकण्याजोगे मापक तयार केले. चेंबर आधी विद्युतभारित करायचा, किरणांत ठेवायचा, मग परत मापकात बसवून किती भार उरला ते पाहायचे. आज हे वेळखाऊ वाटते, पण दोन गावांतल्या डॉक्टरांचे आकडे जुळू लागले ते अशा यंत्रांमुळे.

१९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थाने उपचार सुरू झाले आणि किरण शरीरात खोलवर पोहोचू लागले. १९५५ मध्ये न्यूकॅसलच्या फ्रँक फार्मर यांनी मांडलेला दंडगोल चेंबर त्या काळाला इतका चपखल बसला की त्याची सुधारित रूपे आजही प्रत्येक मेडिकल फिजिसिस्टच्या पेटीत असतात. हवेची पोकळी सुमारे ०.६ घनसेंटिमीटर, विद्युतदाब साधारण ३०० व्होल्ट.

आता आकडा बघा. एवढ्या हवेचे वस्तुमान ०.७ मिलिग्रॅम. १ ग्रेला तिच्यातून सुटणारा भार सुमारे २० नॅनोकूलोंब (नॅनोकूलोंब म्हणजे विद्युतभाराच्या कूलोंब या एककाचा अब्जांश). तो मिनिटभरात आला तर धारा अॅम्पिअरच्या अब्जांश भागाहूनही कमी. साधा मल्टिमीटर इथे निरुपयोगी. आधी निर्वात नळ्यांचे इलेक्ट्रोमीटर, म्हणजे अतिसूक्ष्म भार मोजणारी यंत्रे, आले, पुढे मॉसफेटसारखे ट्रान्झिस्टर आल्यावर कामच सोपे झाले. प्रवर्धकाला जोडलेल्या धारित्रावर हा भार साठवायचा: १० नॅनोफॅरडवर २० नॅनोकूलोंब आले की २ व्होल्ट. खरी लढाई असते गळतीशी. जोडणीवर बोटाचा डाग पडला, पावसाळ्याची दमट हवा लागली किंवा केबल वाकली, तरी खोटा भार उमटतो. त्यासाठी तिपदरी केबल आणि मधला ‘गार्ड’ वाहक असतो. गार्डचा विद्युतदाब मुख्य तारेइतकाच राखला की गळती व्हायला कारणच उरत नाही. मला ही युक्ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते.

चेंबर हवेला उघडा असल्याने दाब आणि तापमान यांची दुरुस्तीही करावीच लागते. पुण्यात हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ६ टक्क्यांनी कमी असतो. ही दुरुस्ती विसरली तर चेंबर तितके कमी दाखवतो, आणि त्यावर विसंबून यंत्र लावले तर रुग्णाला तितके जास्त जाते. आपल्याकडच्या रुग्णालयांचे चेंबर आणि इलेक्ट्रोमीटर प्रमाणित करण्याची साखळी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते, आणि तिच्या मागे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांचे जाळे आहे.

लिनॅकच्या, म्हणजे आजच्या किरणोपचार यंत्राच्या, डोक्यातही मात्रेवर नजर ठेवणारे मॉनिटर चेंबर असतात. ठरलेली मात्रा गेली की तेच किरण थांबवतात. त्यांच्यावर आंधळा विश्वास किती महाग पडतो, हे थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने दाखवले. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी एका रुग्णाला १८० रॅड (१०० रॅड म्हणजे १ ग्रे) द्यायचे होते. सॉफ्टवेअरच्या दोषामुळे न पसरलेला तीव्र इलेक्ट्रॉन झोत सुटला. तो इतका दाट होता की चेंबर संतृप्त झाले, म्हणजे खऱ्या मात्रेइतका भार गोळाच करू शकले नाहीत. पडद्यावर यंत्राच्या स्वतःच्या मापात २०२ ऐवजी ६ युनिटच गेल्याचे दिसले, म्हणून चालकाने पुन्हा किरण सोडले. नंतरचा अंदाज १६,५०० ते २५,००० रॅडचा होता. तो माणूस पाच महिन्यांनी गेला. सॉफ्टवेअरची चूक सगळे सांगतात. मापक त्याच क्षणी उलट साक्ष देत होता, हे मला तितकेच गंभीर वाटते.

वीस वर्षांनी फ्रान्समधल्या तुलूझमध्ये कारण वेगळे निघाले. एप्रिल २००६ पासून वर्षभर मेंदूवरच्या बारीक झोतांचे मापन त्या झोतांसाठी फार मोठ्या असलेल्या शोधकाने झाले होते. झोताबाहेरचा भागही सरासरीत धरला गेला, आकडा कमी आला आणि १४५ रुग्णांना जास्त मात्रा गेली. चेंबर बिघडलेला नव्हता, निवड चुकली होती. अशा झोतांसाठी आज डायोड, हिऱ्याचे शोधक किंवा अतिसूक्ष्म चेंबर वापरतात.

सध्याची अडचण ‘फ्लॅश’ उपचारांची आहे. सेकंदाला ४० ग्रे किंवा त्याहून जास्त वेगाने मात्रा दिल्यास निरोगी ऊतीला कमी इजा होते, असे प्रयोगांत दिसले आहे. पण इतक्या दाट स्पंदात आयन गोळा होण्याआधीच एकमेकांशी जुळून नाहीसे होतात आणि नेहमीचा चेंबर कमी आकडा दाखवतो. टायलर गावी घडलेले हेच होते. त्यामुळे या प्रयोगांत फिल्म, अॅलनिन (मात्रेची नोंद ठेवणारे अमिनो आम्ल) आणि उष्णता मोजणारा कॅलरीमीटर यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले जातात, अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतराच्या चेंबरवर काम चालू आहे, आणि काही इलेक्ट्रॉन यंत्रांत मॉनिटरचे काम झोताला न अडवता त्याची धारा मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडे दिले आहे.