रेव्हरंड टिळक: बाप्तिस्म्यानंतरची गोष्ट

रेव्हरंड ना. वा. टिळक म्हटलं की बहुतेकांना शाळेचं पुस्तक आठवतं, फुलामुलांचे कवी वगैरे, आणि मग कधीतरी कळतं की अरे, हे तर ख्रिस्ती पाळक होते. चर्चमध्ये वाढलेल्यांचं उलटं असतं. आमच्याकडे उपासनेत त्यांचं एखादं तरी भजन होतंच, त्यामुळे ते आधी रेव्हरंड आणि मग कवी. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी, त्यांची साक्ष, म्हणजे ते ख्रिस्ताकडे कसे आले ती गोष्ट, सांगताना सगळे रेल्वेच्या डब्यापासून सुरू करतात आणि बाप्तिस्म्याला येऊन थांबतात. मला विचाराल तर जास्त अवघड प्रवास त्याच्या पुढे आहे, म्हणून जरा मागचं पुढचं सगळंच सांगतो.

जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव, चित्पावन घर. आई जानकीबाई भक्तिभावाच्या, वडील फार कडक. आई लवकर गेली आणि नारायण घराबाहेर पडला तो नाशिकला, तिथे संस्कृत आणि कविता दोन्ही पक्कं झालं. मग लग्न, जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, म्हणजेच आपल्या लक्ष्मीबाई. पण एका जागी बसणं या माणसाच्या स्वभावातच नव्हतं, कधी शिक्षक कधी पुराणिक कधी कीर्तनकार असं करत गावोगाव फिरणं चालू होतं. नागपूरला अप्पासाहेब बुटींकडे धार्मिक ग्रंथांच्या संपादनाचं काम मिळालं तेव्हा कुठे जरा स्थिर झाले, मात्र आतून अजिबात नाही. जातिभेद पटेना, मूर्तिपूजा पटेना, देशाचं भलं व्हायचं तर धर्माचं काहीतरी करायला हवं हे डोक्यात पक्कं, इतकं की आपणच एक नवा धर्म काढावा असंही मनात घोळत होतं. ख्रिस्ती होण्याचा विचार तेव्हा नव्हता हे लक्षात घ्या.

१८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला, म्हणजे आताच्या छत्तीसगडात, नोकरीसाठी निघाले. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला, संस्कृत कवितेवर गप्पा रंगल्या, आणि उतरायच्या आधी त्याने नवा करार (बायबलचा येशूविषयीचा भाग) हातात ठेवला, वर सांगितलं की तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते काही खरं वाटलं नाही पण वाचण्याचं वचन दिलं होतं म्हणून वाचायला घेतलं, वाचता वाचता त्यातल्या मत्तयाच्या पुस्तकात येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून पुढे पुस्तक सुटेना. नव्या धर्मासाठी ते जे शोधत होते, देव बाप आणि सगळी माणसं भावंडं, ते तिथे आधीच लिहिलेलं होतं. मग नाव लपवून पत्रव्यवहार, प्रश्न, शंका, बरेच महिने.

यात किंमत काय मोजावी लागणार हे त्यांना नक्की माहीत होतं. नीलकंठशास्त्री गोरे १८४८ ला, बाबा पदमनजी १८५४ ला, पंडिता रमाबाई १८८३ ला इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या, ही उदाहरणं समोर होती. बाप्तिस्मा घेतला की जात गेली, नातेवाईक गेले, पाणीसुद्धा कोणी देणार नाही. तरीही १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत भेंडीबाजारातल्या अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. आणि इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची, बाप्तिस्मा गोऱ्या मिशनऱ्याच्या नाही तर भारतीय पाळकाच्या हातून घेणार हा त्यांचा आग्रह होता, म्हणून तो रेव्हरंड तुकाराम नाथोजींनी दिला. पुढचं सगळं आयुष्य या एका आग्रहात दिसतं असं मला वाटतं.

घरी मात्र आकांत झाला. लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, जवळजवळ पाच वर्षं. टिळक तोवर नगरला (आताचं अहिल्यानगर) मिशनच्या पाळक घडवणाऱ्या शाळेत शिकवत होते. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा ख्रिस्ती म्हणून नाही आल्या, नवऱ्याजवळ आल्या पण सोवळं सांभाळून, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. आणि मग राहुरीला जाण्याच्या सुमारास या बाई स्वतःच विचार करत बसल्या की देवाने माणसांत जाती केल्या असत्या तर काहीतरी खूण ठेवली असती की, आणि ठरवलं की आजपासून कोणाच्याही हातचं खायचं. यात कोणाचं प्रवचन नाही, वादविवाद नाही. ही साक्ष मला डब्यातल्या भेटीपेक्षा कमी मोठी वाटत नाही, खरं तर मोठीच वाटते.

टिळकांना पाळकीय दीक्षा मिळाली १९०४ मध्ये, बाप्तिस्म्यानंतर नऊ वर्षांनी. तोवर त्यांना एक गोष्ट खुपायला लागली होती, मराठी ख्रिस्ती माणूस देवाशी बोलतो ते इंग्रजी चालीत आणि भाषांतर केलेल्या गाण्यांत. नगरला कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन त्याआधीच सुरू केलं होतं, टिळकांनी ते पुढे नेलं आणि अभंग, ओव्या, भजनं अशी शेकड्याने लिहिली. आपण संत तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते उघड म्हणायचे. आज चर्चच्या मंडळीत टाळ मृदंग घेऊन लोक भजनं म्हणतात ना, त्यामागे हा माणूस आहे. ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी भागाचं संपादनही १९१२ पासून त्यांच्याकडे आलं.

तरी एक गाठ सुटत नव्हती. पाळक म्हणजे मिशनचा पगारी माणूस, वरून ठरणार, खालून ऐकायचं. मिशनऱ्यांवर त्यांचं प्रेम होतं, भांडणही होतं, पण पगार घेऊन केलेली सेवा इथल्या माणसाला साधूची सेवा वाटणार नाही हे त्यांना पटलेलं. शेवटी १९१७ मध्ये मिशनचं पगारी काम सोडलं, संन्यास घेतला, आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, येशूला गुरू मानणारे सगळे एकत्र बसणार होते. चर्चमधल्या बऱ्याच जणांना हे झेपलं नाही, आणि झेपायला वेळही मिळाला नाही कारण ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. पण बाप्तिस्म्याच्या दिवशीचा जो आग्रह होता तो त्यांनी इथपर्यंत आणला, हे कोणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

येशूच्या चरित्राचं मोठं काव्य, ‘ख्रिस्तायन’, त्यांनी १९०९ मध्ये हाती घेतलं होतं, त्याचे अकराच अध्याय झाले. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांना शाळा अशी कधी मिळालीच नव्हती, अक्षरओळखसुद्धा लग्नानंतर झाली.