छोटूकूल: कॉम्प्रेसर नसलेल्या फ्रिजची पार्श्वभूमी

गोदरेजने १९५८ साली फ्रिज बनवायला सुरुवात केली. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षं उलटली, तरी देशातल्या पाचपैकी साधारण चार घरांत फ्रिज पोचलेला नव्हता. अशा घरांसाठी असलेलाच फ्रिज थोडा लहान, थोडा स्वस्त करायचा, हा सगळ्या कंपन्यांचा ठरलेला मार्ग. २००६च्या सुमारास हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्तेन्सन यांची ‘डिसरप्टिव्ह इनोव्हेशन’ची (साधी, स्वस्त वस्तू आधी दुर्लक्षित गिऱ्हाइकापर्यंत नेऊन बाजार पालटण्याची) मांडणी कंपनीतल्या वरिष्ठांनी ऐकली आणि प्रश्नच बदलला. फ्रिज नसलेल्या घरात रोज नेमकं काय चालतं, हे पाहायचं ठरलं. या कामाची धुरा जी. सुंदररामन यांच्याकडे होती.

घरोघरी दिसलं ते असं. दूध आणि भाजी रोजच्या रोज, लागेल तेवढीच आणायची. उरतं ते पातेलंभर कालवण, थोडं दूध. संध्याकाळपर्यंत ते नासू नये आणि पाहुण्याला गार पाणी देता यावं, एवढीच निकड. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, खोली एकच, आणि कामासाठी गाव बदलायची वेळ आली तर सामान उचलून न्यायचं. बर्फाचा कप्पा आणि दोनशे लिटरची जागा यांचा इथे फारसा उपयोग नव्हता.

फेब्रुवारी २००८ मध्ये उस्मानाबादला (आताच्या धाराशिवला) सहाशेहून अधिक बायकांना बोलावून नमुने त्यांच्यापुढे ठेवले गेले. चकचकीत लाल रंग त्यांच्याच पसंतीचा. कारखान्यात बसून ठरवलं असतं तर पांढराच आला असता, असं आपलं मला वाटतं.

तयार झालेली वस्तू, म्हणजे छोटूकूल, ४३ लिटरची, वजन ७.८ किलो, उचलायला वर कडी. झाकण वरून उघडतं. गार हवा जड असल्याने ती तळाशीच राहते, उघडल्यावर बाहेर सांडत नाही. कॉम्प्रेसर नाहीच. त्याऐवजी विजेचा प्रवाह सोडला की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी चिप, शिवाय गरम हवा बाहेर टाकणारा पंखा. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जाँ पेल्तिए यांना विजेचा हा परिणाम १८३४ मध्येच दिसला होता. १२ व्होल्टच्या बॅटरीवरही ही वस्तू चालते. सुरुवातीला किंमत होती ३,२५० रुपयांच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या साध्या फ्रिजच्या साधारण निम्मी.

२०१२ मध्ये अमेरिकेतला, नव्या उत्पादनांसाठीचा एडिसन पुरस्कार मिळाला. बचत गटांमार्फत, पुढे पोस्टामार्फत विकण्याचे प्रयत्न झाले. खेड्यातल्या घरांत मात्र अपेक्षेइतकी खपली नाही. माझ्या मते गोम इथेच आहे. ‘घरात काय लागतं’ हे नीट विचारलं गेलं, पण पैसे मोजताना माणूस एवढंच पाहत नाही. तीन हजार साठवू शकणारं घर आणखी थोडं थांबून, हप्त्याने का होईना, बर्फ होणारा ‘खरा’ फ्रिज घेतं. तो दारातून आत येताना शेजारी पाहतात, हेही हिशेबात असतंच. शिवाय चिपवरचं गारवणं कॉम्प्रेसरच्या तुलनेत वीज जास्त खातं.

गिऱ्हाईक भेटलं ते दुसरीकडेच: पानाच्या टपऱ्या, फुलवाले, छोटी दुकानं, गाडीतून सहलीला निघणारी शहरी कुटुंबं. कंपनीनेही मग शहरी वापरासाठी म्हणून तिचं रूप पालटलं आणि किंमत वाढवली. याच चिपवर गार होणारा ‘क्यूब’ गोदरेजने पुढे आणला, तो बेडरूम आणि हॉटेलच्या खोल्यांसाठी.