कॅव्हेट: समोरच्याने गुपचूप स्टे आणू नये म्हणून

इंदूरच्या रामबागेतल्या वाड्याच्या वाटणीवरून भावकीत बिनसलं की पहिली धास्ती एकच, समोरचा आपल्या पाठीमागे कोर्टातून स्टे, म्हणजे स्थगितीचा हुकूम, आणेल. त्यासाठी कॅव्हेट आहे, म्हणजे ‘आधी माझं ऐका’ असं सांगणारा कोर्टात आगाऊ दिलेला अर्ज. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘त्याने सावध राहावं’. इंदूरच्या कोर्टात ‘केविएट’ म्हणा, लगेच कळेल.

ही सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-ए मध्ये आहे, १९७६ च्या दुरुस्तीने आलेली. दावा दाखल झालेला असलाच पाहिजे असं नाही. होईल अशी शंका पुरते. मात्र समोरच्याच्या स्टेच्या अर्जाच्या सुनावणीत उभं राहण्याचा हक्क तुमच्याकडे हवा. सहहिस्सेदार, वारस, ताब्यातला भाडेकरू यांना तो असतो. नुसत्या काळजीपोटी शेजाऱ्याला कॅव्हेट लावता येत नाही.

कागद थोडेच लागतात: अर्ज, शपथपत्र, वकील दिला असेल तर वकालतनामा, कोर्ट फीचं तिकीट आणि समोरच्याला नोटीस पाठवल्याची टपालाची पावती. कामकाज बहुतेक हिंदीत चालतं, म्हणून अर्जही हिंदीत करून घ्या. मिळकतीचं वर्णन आणि दोन्हीकडची नावं, पत्ते नीट तपासा. नावात चूक राहिली तर समोरच्याचा अर्ज येईल तेव्हा तुमचं कॅव्हेट कुणाला सापडणारच नाही.

खरी गोम नोटिशीत आहे. ज्याच्याकडून अर्जाची शंका आहे त्याला पोचपावतीसह रजिस्टर्ड टपालाने कळवणं तुमचंच काम. म्हणजे त्याला आपण सावध केलं, हे पत्करूनच पुढे जायचं. नंतर त्याने अर्ज केला की कोर्ट तुम्हाला नोटीस देतं आणि त्याने तुमच्या खर्चाने अर्जाच्या प्रती द्यायच्या असतात. स्टे मिळणारच नाही असं मात्र समजू नका. तुमचं म्हणणं आधी ऐकलं जाईल, एवढाच हा हक्क.

मुदत ९० दिवसांची. १ जूनला दाखल केलं तर ३० ऑगस्टपर्यंत. आमच्या मावशीने कालनिर्णयवर त्या तारखेभोवती लाल गोल केला होता आणि पोचपावती त्याच पानाला टाचली होती. तोवर समोरून अर्ज आला नाही, तर नवं कॅव्हेट, नवी नोटीस.

खालच्या कोर्टात जिंकलात आणि समोरचा हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात जाईल असं वाटलं, तर तिथे वेगळं कॅव्हेट लावावं लागतं. आधीचं तिथे चालत नाही.