मातीचा कायमचा भार आणि सामूवर बदलणारा भार: जागा भरल्या की जागाच गेल्या?

आम्ल जमीन अन्नद्रव्यं धरून ठेवत नाही कारण तिच्यावरचा ऋण भार कमी होतो, हे वाक्य खूप वाचायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे आणि म्हणूनच जास्त घोळ घालतं. मातीच्या कणांवर ऋण भार दोन वेगळ्या वाटांनी येतो, सामू म्हणजे पीएच घसरला की दोन्हीकडे वेगळंच काहीतरी घडतं, आणि माती परीक्षणाच्या रिपोर्टवर मात्र सीईसी, म्हणजे कॅल्शियमसारखे धन आयन धरून ठेवण्याची क्षमता, असा एकच आकडा येतो.

पहिला म्हणजे कायमचा भार. चिकणमातीची खनिजं घडतानाच त्यांच्या जाळीत सिलिकॉनच्या जागी कुठेकुठे ॲल्युमिनियम बसतं, नाहीतर ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम. सिलिकॉनवर +4, ॲल्युमिनियमवर +3, मॅग्नेशियमवर +2, म्हणजे आकाराने जवळपास तेवढाच पण भाराने एकने कमी असा पाहुणा आला की तिथे एक ऋण भार उघडा पडतो आणि तो दगडातच कोरलेला असल्यामुळे बाहेरच्या पाण्याचा सामू 5 असो नाहीतर 8, त्याला काही फरक पडत नाही. स्मेक्टाइट, व्हर्मिक्युलाइट ही या गटातली खनिजं. स्मेक्टाइटची सीईसी साधारण 80 ते 120 सेंटीमोल प्रति किलो आणि त्यातला बराचसा भाग हा असा कायमचा.

दुसरा, सामूवर बदलणारा भार कणाच्या पृष्ठभागावरच्या आम्ल गटांमधून येतो आणि खरी गंमत इथे आहे. ह्युमसमधे, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थात, कार्बोक्सिल गट असतात, ते प्रोटॉन (हायड्रोजनचा धन आयन) सोडतात तेव्हाच ऋण होतात, आणि सोडायचा की नाही हे त्यांच्या पीकेए (ज्या सामूला निम्मे गट प्रोटॉन सोडतात तो आकडा) आणि आजूबाजूच्या सामूवर ठरतं. समजा पीकेए 4.5 आहे. सामू 4.5 असताना निम्मे गट सुटलेले, 5.5 ला जवळपास 91 टक्के, 6.5 ला 99 टक्के, आणि उलट 3.5 ला फक्त 9 टक्के. म्हणजे पीकेए ही त्या गटाची स्वतःची खूण आणि सामू ही बाहेरची परिस्थिती, या दोघांना एकच समजलं की पुढचं सगळंच चुकतं. अर्थात खऱ्या ह्युमसमधे एकच पीकेए नसतो, बरेच कार्बोक्सिल 3 ते 5 च्या आसपास, फिनॉलचे गट त्याहून बरेच वर, 9-10 च्या जवळ, आणि एका गटावर ऋण भार आला की शेजारच्याला प्रोटॉन सोडणं जड जातं, त्यामुळे भार एकदम उडी न मारता हळूहळू चढत जातो.

केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजाच्या कडा, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं यांचंही असंच, पण ऑक्साइडं एक पाऊल पुढे जातात. त्यांच्यावरचा गट प्रोटॉन सोडू शकतो तसा जास्तीचा घेऊही शकतो, मग पृष्ठभाग चक्क धन होतो! ज्या सामूला दोन्ही सारखे होऊन निव्वळ भार शून्य येतो तो गोएथाइट (लोहाचं), गिब्साइट (ॲल्युमिनियमचं) या खनिजांसाठी साधारण 8 ते 9 असतो. म्हणून ऑक्साइडं जास्त आणि ह्युमस कमी अशा खूप झिजलेल्या लाल मातीच्या खालच्या थरात नायट्रेटसारखे ऋण आयनसुद्धा थोडेफार धरले जातात.

आता सामू 4.5 पर्यंत घसरला असं धरा. कायमच्या भाराच्या मातीत धन आयन धरणाऱ्या ऋण जागा आहेत तेवढ्याच राहतात, पण कॅल्शियम-मॅग्नेशियम हटतं आणि तिथे विरघळलेलं ॲल्युमिनियम ठाण मांडून बसतं. बदलत्या भाराच्या मातीत मात्र प्रोटॉन गटांवर परत चिकटतात आणि जागाच नाहीशा होतात. पिकाला दोन्हीकडे उपासमारच, म्हणून वरून सारखं दिसतं.

चुना टाकला तरी हाच फरक. पहिल्या मातीत ॲल्युमिनियमला जागेवरून उठवायचं असतं, आणि ते उठतं कारण ॲल्युमिनियमभोवतीचं पाणी स्वतःच एक आम्ल आहे, पीकेए साधारण 5, सामू वर गेला की ते प्रोटॉन सोडतं आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड होऊन बाजूला पडतं. दुसऱ्या मातीत चुन्याने नव्या जागाच तयार होतात. तिथे सेंद्रिय पदार्थ वाढवणं मला तरी सगळ्यात मोलाचं वाटतं कारण सामू 7 ला ह्युमसची सीईसी 200 किंवा जास्तही जाते, केओलिनाइटची 3 ते 15.

प्रत्यक्षात कुठलीच माती शंभर टक्के एका गटातली नसते, स्मेक्टाइटलाही कडा असतातच.

आणि रिपोर्ट वाचताना एक नक्की बघा, सीईसी कुठल्या सामूला मोजलीय. अमोनियम ॲसिटेटची नेहमीची पद्धत सामू 7 ला चालते. तुमची माती 5 ची आणि भार बदलता असेल तर प्रयोगशाळेत ते गट 7 ला सुटतात, मोजले जातात, पण शेतात ते बंदच असतात, म्हणजे कागदावरची सीईसी खऱ्यापेक्षा बरीच मोठी दिसते. अशा मातीसाठी बफर नसलेल्या मिठाच्या द्रावणाने, मातीच्या स्वतःच्या सामूला मोजलेली सीईसी मागा.