रंग पोचला, सीलर पोचलं का?

"डॉक्टर, पार आतवर भरलं ना? परत ठणकायला नको बगा." औशाहून आलेल्या एका मावशींनी रूट कॅनाल केलेल्या दाढेवर हात ठेवून विचारलं. लातूरच्या दवाखान्यात हा प्रश्न रोजचाच. मी एक्स-रे दाखवला. मुळाच्या टोकापर्यंत पांढरी रेघ गेलेली होती. ती गट्टापर्चा या रबरासारख्या भरणाची आणि त्याच्या भोवतीच्या फटी बुजवणाऱ्या सीलर नावाच्या लगद्याची. मावशींचं समाधान झालं. पण 'पार आतवर' म्हणजे नेमकं कुठवर, हे एक्स-रेला सांगता येत नाही.

कारण मुळाची भिंत भरीव नसते. ती ज्या कठीण थराची असते त्या डेंटिनमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या नलिका असतात. दातातल्या नसेजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये 45,000 च्या आसपास, म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढ्या जागेत लाखभर. एकेकीचा व्यास जेमतेम 2.5 मायक्रॉन. मुळाच्या टोकाकडे त्या विरळ होतात, वयानुसार बुजतही जातात. एन्टेरोकोकस फीकॅलिससारखे चिवट जंतू त्यांत शिरून बसतात आणि तिथं मूळ आतून खरवडणारी आपली फाईल पोचत नाही. म्हणून अपेक्षा अशी की सीलर तरी या नलिकांत उतरावं आणि जंतूंना आतच कोंडावं. त्यासाठी आधी फाईल चालवताना भिंतीवर बसलेला भुग्याचा लेप 17 टक्के ईडीटीए या रसायनानं धुऊन काढतात. तो राहिला तर नलिकांची तोंडं बंदच.

सीलर किती आत उतरलं, हे मोजायची एक सोपी युक्ती आहे. त्यात चमकणारा रंग मिसळायचा. बहुतेक वेळा हा रंग म्हणजे रोडामाइन बी. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांत सापडला म्हणून 2024 मध्ये तमिळनाडूनं ज्याच्यामुळे ती मिठाईच बंद केली, तोच हा भडक गुलाबी. खाण्यात त्याला परवानगी नाही, प्रयोगशाळेत मात्र त्याची चलती. हिरवा प्रकाश शोषून तो केशरी-लाल प्रकाश बाहेर टाकतो. या गुणाला 'फ्लुरोसेन्स' हे नाव जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये दिलं.

एमडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला, असताना मीही हे केलं. एक ग्रॅम सीलरला एक मिलिग्रॅम भुकटी, इतकीच. तरी तीन दिवस माझी नखं रंगपंचमी खेळल्यासारखी होती. काढून टाकलेल्या दातांचं रूट कॅनाल करायचं, सीलर घट्ट झालं की हिऱ्याच्या पात्यानं, वरून पाणी सोडत, मुळाच्या मिलिमीटरभर जाडीच्या आडव्या चकत्या पाडायच्या. मग कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक. मार्व्हिन मिन्स्की यांनी 1957 मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते हे यंत्र सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून फक्त एकाच पातळीवरचा प्रकाश आत घेतं, वरखालची धूसरता गाळून टाकतं. पहिली चकती पडद्यावर आली तेव्हा मी पाहतच राहिलो. काळ्याभोर पार्श्वभूमीवर मधोमध मुळातल्या पोकळीचं लालसर कडं आणि त्यातून चहूकडे निघालेले केसासारखे बारीक किरण. आम्ही ते किरण मोजले, तक्ते भरले, प्रबंध बांधून झाला.

मनात खटकलं ते नंतर. आमच्याकडच्या काळ्या दगडात बोअर घेतला की पाणी भेगाभेगांतून येतं, कुठून ते वरून कळत नाही. जर्मनीत 1877 मध्ये डॅन्यूब नदीचं जमिनीत गडप होणारं पाणी जातं कुठं, हे शोधायला त्यात फ्लुरोसिन हा चमकणारा रंग दहा किलो टाकला होता. सुमारे 60 तासांनी आख गावच्या झऱ्याला हिरवं पाणी आलं. तिथं हिशोब सरळ होता, कारण रंग आणि पाणी एकत्रच वाहतात. माझ्या चकतीत रंग होता पाण्यात विरघळणारा आणि सीलर होतं लगदा. रंगाचा रेणू नलिकेच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाएवढा, आणि डेंटिन ओलसर. सीलर दारातच अडलं तरी रंग ओलाव्याबरोबर पुढे सटकणारच! त्यात बायोसिरॅमिक, म्हणजे कॅल्शियम सिलिकेटचं सीलर तर घट्ट व्हायलाच डेंटिनमधला ओलावा ओढून घेतं. मग ते किरण नेमके कशाचे?

ही शंका माझ्या एकट्याची नव्हती. कॅल्शियमला चिकटल्यावरच झळकणारा फ्लुओ-3 हा रंग बायोसिरॅमिकसाठी पुढे आला. कल्पना चांगली, पण सीलरमधून सुटलेला कॅल्शियमचा आयनही ओलाव्यातून पुढे सरकतो आणि दात तर मुळात कॅल्शियमचाच. 2021 मध्ये जर्मन संशोधकांनी रोडामाइनची खोली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशी ताडून पाहिली आणि सीलर मोजायला ही पद्धत अपुरी असल्याचं स्पष्ट लिहिलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला रंग लागत नाही. नलिकेत सीलरचे कण बसलेत का, हे तिथं थेट दिसतं. झिर्कोनियमसारखं मूलद्रव्य, जे सीलरमध्ये असतं आणि दातात नसतं, ते शोधलं तर आणखी भक्कम. काम मात्र किचकट, आणि दृश्य अगदीच करडं. रंगीत किरणांची चित्रं निबंधांत इतकी का छापली जातात, याचं अर्धं उत्तर त्यातच आहे, असं मला वाटतं.

शिवाय सीलर जितकं खोल तितका उपचार टिकाऊ, हेही अजून सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे मावशींना मी खोली सांगितली नाही. सहा महिन्यांनी यायला सांगितलं. त्या आल्या तेव्हा मुळाच्या टोकाखालचा काळा डाग, म्हणजे संसर्गानं झिजलेल्या हाडाची खूण, नव्या एक्स-रेत निम्म्याहून लहान झाला होता. "आता कुठवर गेलंय?" त्यांनी पुन्हा विचारलंच, आणि उत्तराची वाट न पाहता पिशवीतून हुरडा काढून माझ्या टेबलावर ठेवला.