पीएनजी असं नाव दिलं तरी आत जेपीजीच

परवा रात्री मंडळातल्या एका पोराने लोगो पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, जेपीजीची पीएनजी केलीय, आता मागचा पांढरा जाईल." उघडून बघतो तर पांढरा चौकोन जागच्या जागी. पठ्ठ्याने केलं काय होतं, तर फाइलच्या नावातलं शेवटचं जेपीजी खोडून तिथे पीएनजी टाइप केलं होतं! जेपीजी आणि पीएनजी हे चित्राच्या फाइलचे दोन वेगळे प्रकार, नाव बदलून प्रकार बदलत नाही. हसू नका, भरपूर जण करतात हे.

डब्यावर साखर लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही ना, तसंच आहे. खरी पीएनजी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर अगदी सुरुवातीलाच पी, एन, जी ही अक्षरं दिसतात, बाकी सगळा कचरा. बरेच प्रोग्रॅम नाव न बघता हे सुरुवातीचे बाइट बघतात, म्हणून नाव चुकीचं असूनही त्याची फाइल निदान उघडली.

आता पांढरा का गेला नाही, तर जेपीजीत पारदर्शक असं काही नसतंच. पीएनजीत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा याशिवाय अल्फा नावाचा चौथा आकडा ठेवता येतो, साधारण 0 ते 255, शून्य म्हणजे आरपार. जेपीजीत ती जागाच नाही, त्यामुळे एकदा जेपीजी झालं की मागचा पांढरा हाही चित्राचाच भाग. नंतर खरोखर पीएनजीत एक्सपोर्ट केलं तरी तो पांढराच राहतो, हाताने काढावा लागतो.

आणि तो काढायला गेलो की दुसरी कटकट दिसते. झूम केलं तर काळ्या रेषांच्या कडेला मुंग्या आल्यासारखे राखाडी ठिपके. जेपीजी चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं, आणि प्रत्येक चौकोन 64 ठरलेल्या लहरींच्या बेरजेत मांडतं, कुठली लहर किती घ्यायची एवढे आकडे ठेवायचे आणि त्यातले डोळ्याला फारसे न जाणवणारे आकडे ढोबळ करायचे किंवा उडवायचे. या गणिताला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात, ते मांडलं मूळच्या बंगळुरूच्या नासिर अहमद यांनी, नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा पेपर 1974 चा. आपल्या फोनमधल्या लाखो फोटोंमागे हे गणित आहे आणि आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, असो. फोटोला ही युक्ती भारीच, कारण आकाश, चेहरा वगैरेंमध्ये रंग हळूहळू बदलतो. पण लोगोची रेघ म्हणजे पांढऱ्यावरून थेट काळ्यावर उडी, ती थोड्या लहरींत बसत नाही, म्हणून कडेला मुंग्या. पीएनजी काहीच फेकत नाही, आणि सपाट रंगाच्या चित्रात तेच तेच परत येत असल्याने फाइलही बऱ्याचदा जेपीजीपेक्षा लहान होते.

बरं, हा लोगो लावायचा होता 10 फुटी फ्लेक्सवर. चित्राची रुंदी 640 पिक्सेल. हिशेब करा, एकेक पिक्सेल जवळजवळ 5 मिलिमीटरचा! इथे पीएनजीनेही काही होत नाही, इथे एसव्हीजी पाहिजे. एसव्हीजीत पिक्सेल नसतात, साधा मजकूर असतो, की अमुक ठिकाणी केंद्र, एवढी त्रिज्या, भगवा रंग, एक वर्तुळ काढ. मग ते बिल्ल्यावर काढा नाहीतर फ्लेक्सवर, कड तेवढीच धारदार.

इंकस्केप या एसव्हीजी काढायच्या प्रोग्रॅममध्ये बिटमॅप, म्हणजे पिक्सेलचं चित्र, ट्रेस करायची सोय आहे, चित्राच्या कडा शोधून त्यावर वक्ररेषा बसवते. मी उत्साहात तेच केलं आणि त्या मुंग्यांतल्या प्रत्येक ठिपक्याचं एकेक बेट झालं, शेकडो नोड, म्हणजे वक्ररेषा ज्यांवर बसते ते बिंदू. मग चित्र आधी चौपट मोठं करून, किंचित ब्लर करून, फक्त काळा-पांढरा ठेवून ट्रेस केलं तेव्हा बरं आलं. तरी गणपतीची सोंड काही जमेना, ती शेवटी पेन टूलने हाताने काढली. हाताने काढलेलीत 9 नोड आणि ट्रेसमधल्या सोंडेत 70 च्या वर, म्हणजे बघा.

मग अक्षरं. एसव्हीजीत मराठी मजकूर तसाच ठेवला आणि फ्लेक्सवाल्याकडे तो फॉन्ट नसला तर भलताच फॉन्ट येतो, जुन्या प्रोग्रॅममध्ये तर जोडाक्षरंही फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. उपाय म्हणजे टेक्स्टचं पाथ करायचं, अक्षर हे अक्षर न राहता नुसता आकार होतो. पण मग त्यात एक काना जरी बदलायचा असला तरी टाइप करता येत नाही. आमच्या लोगोत खाली "वर्ष 38 वे" आहे, म्हणून पाथ केलेली फाइल फ्लेक्सवाल्याला दिली आणि टेक्स्ट शाबूत असलेली वेगळ्या नावाने पेनड्राइव्हवर ठेवलीय, पुढच्या वर्षी 39 करायला.